मदत हवी आहे : १९६५ सालचे नॅट विमान खेळात नेमके कसे असावे?

सर्व सभासदांना भुसावळहून नमस्कार. माझा पुतण्या आणि त्याचे दोन मित्र हवाई युद्धाच्या एका संगणकीय खेळासाठी भारतीय वायुसेनेचे नॅट विमान तयार करीत आहेत, आणि त्यासंबंधी जाणकारांची मदत हवी आहे. नमुन्यादाखल त्यांनी जे तयार प्रारूप उतरवून घेतले, त्यात १९६५ चे युद्ध दाखवताना पंखांखाली शस्त्रांसाठी चार आधार दिले आहेत. माझ्या माहितीप्रमाणे ती रचना पुढच्या काळातील 'अजीत'ची, म्हणजे नॅटच्या भारतात विकसित केलेल्या सुधारित आवृत्तीची आहे, ज्यात इंधन पंखांतच साठवल्यामुळे बाहेरच्या टाक्यांची जागा शस्त्रांना मोकळी झाली. पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानांशी झुंजलेल्या नॅटचा भरवसा ३० मिलिमीटरच्या दोन तोफांवर होता, आणि त्या ऐन वेळी अडकत असत, ही अडचण तर खेळात कुठेच दिसत नाही. मला ही चूक किरकोळ वाटत नाही. त्या तोफांनिशी लढलेल्या वैमानिकांचे कौशल्य त्यामुळे झाकले जाते.

आमचे अमळनेरचे काका वायुसेनेत तंत्रज्ञ होते, परंतु त्यांनी नॅटवर काम केलेले नाही. तरी नॅटच्या देखभालीचा प्रत्यक्ष अनुभव असलेले कोणी जळगाव, धुळे वा नंदुरबारकडे असल्यास कृपया कळवावे. आम्ही स्वतः येऊन भेटू. वैमानिक कक्षातील उपकरणांची मांडणी स्पष्ट दिसेल अशी त्या काळातील छायाचित्रे कोणाकडे आहेत का? तोफ अडकण्याची शक्यता खेळात कोणत्या आधारावर ठरवावी, हेही कृपया सुचवावे.