सात माणसांच्या घरासाठी पूर्ण विजेवरची मोठी एसयूव्ही बेळगावातून घ्यावी का?

टिळकवाडीकर:
नमस्कार. आमच्या घरात आईवडिलांसह सात माणसे आहेत आणि अकरा वर्षे वापरलेली डिझेलची सात आसनी गाडी आता बदलणे भाग आहे. रोजचे फिरणे तीस-चाळीस किलोमीटरचे, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा आणि दोन महिन्यांतून एकदा पुणे. 2025 च्या जुलैमध्ये कियाची कॅरेन्स क्लॅविस ईव्ही आणि नोव्हेंबरमध्ये महिंद्राची एक्सईव्ही 9एस आल्यापासून आमच्या ऐपतीच्या जवळपास तीन ओळींच्या विजेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. मात्र फोर्डने 2024 च्या ऑगस्टमध्ये तीन ओळींच्या विजेच्या एसयूव्हींचा बेतच रद्द केला, हे वाचल्यापासून मन साशंक आहे. एवढ्या मोठ्या गाडीला वीज खरोखर पुरते का, की हा प्रकार लहान गाड्यांपुरताच ठीक आहे?

निपाणीकर:
मी दोन वर्षे पाच आसनी विजेची एसयूव्ही चालवतो, त्यामुळे अनुभवाने लिहितो. फोर्डचा निर्णय आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. मोठ्या गाडीला मोठी बॅटरी लागते, बॅटरीने किंमत वाढते आणि तेवढी किंमत देणारे ग्राहक पुरेसे मिळत नाहीत, ही तिकडची अडचण होती. आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या डिझेल एसयूव्हीवर 40 टक्के जीएसटी आहे आणि विजेच्या गाडीवर 5 टक्के, म्हणून बॅटरीचा बराचसा भार करातच भरून निघतो. मात्र कर्नाटकाने 2024 मध्ये 25 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना 10 टक्के आजीवन कर लावला, त्यामुळे वरचे मॉडेल निवडण्यापूर्वी आरटीओत चालू दर विचारून घ्यावा. कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या नावावर घेऊन बेळगावात चालवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवल्यास नोंदणी बदलून घ्यावीच लागते.

पल्ल्याचा हिशेब जाहिरातीवरून न करता युनिटवरून करावा. सात माणसे, सामान आणि एसी धरून महामार्गावर किलोमीटरला 200 वॅट-तास, म्हणजे 0.2 युनिट, खर्च धरा. एक्सईव्ही 9एसच्या 79 युनिटच्या बॅटरीतले दहा टक्के राखून ठेवले, तर 71 युनिटांत सुमारे 355 किलोमीटर होतात. पुणे 340 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कागदावर पोचते. पण मी तसा कधीही निघणार नाही. कराड किंवा साताऱ्याला जेवणाचा थांबा धरूनच निघावे. ताशी 80 वरून 100 वर गेल्यास हवेचा रोध दीडपटीहून अधिक होतो आणि उंच, रुंद गाडीला त्याचा फटका जास्त बसतो.

चार्जरची मात्र काळजी वाटते. मागच्या दिवाळीत एका हॉटेलच्या आवारातला चार्जर ॲपवर चालू दिसत होता आणि प्रत्यक्षात बंद होता. लहान मुलांसह दीड तास गेला. तेव्हापासून पुढच्या चार्जरपर्यंत पोचण्याइतकी बॅटरी शिल्लक ठेवूनच मी थांबतो. शिवाय गाडी वेगाने चार्ज होणारी असली, तरी चार्जर 60 किलोवॅटचा असेल तर 20 ते 80 टक्क्यांसाठी पाऊण ते एक तास लागतोच.

हिंदवाडीचा विद्युत अभियंता:
आपल्यासाठी खरा प्रश्न घरच्या मीटरचा आहे. 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर 79 युनिटची रिकामी बॅटरी भरायला अकरा-बारा तास लागतात. रोजच्या चाळीस किलोमीटरची भरपाई मात्र दीड तासात होते. जुन्या घरांचा मंजूर भार तीन-चार किलोवॅटच असतो, तेव्हा गाडी नोंदवण्याच्या आधीच हेस्कॉमकडे (आपल्या वीज वितरण कंपनीकडे) भार वाढवण्याचा अर्ज करावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि चार्जरसाठी स्वतंत्र वायर टाकावी. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणे धोक्याचे आहे, हे मी कळकळीने सांगतो.

घाटाविषयी लोक उगाच घाबरतात. पावणेतीन टनांची भरलेली गाडी समुद्रसपाटीपासून 700 मीटर वर आणायला पाच-साडेपाच युनिट अधिक लागतात, म्हणजे गोव्याहून परतताना पंचवीस-तीस किलोमीटरचा पल्ला कमी धरावा. उतरताना त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो आणि ब्रेकही तापत नाहीत. भरलेल्या डिझेल गाडीने चोर्ला उतरताना ब्रेकचा वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना याचे मोल कळेल.

खानापूरची वाचक:
पल्ल्याइतकाच बसण्याचाही विचार व्हावा. बॅटरी जमिनीखाली असल्याने तिसऱ्या ओळीत पाय ठेवण्याची जागा उंच होते आणि गुडघे वर येतात. मुलांना चालते, मोठ्यांना तासाभरात कंबर धरते. सातही आसने भरल्यावर मागे दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही, म्हणून पुण्याच्या प्रवासात सामान कुठे ठेवणार हे आधीच ठरवावे. शिवाय अनेक विजेच्या गाड्यांत जादा चाक नसते, केवळ पंक्चरचे साहित्य असते. चोर्ल्याच्या वाटेवरच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी रस्त्यावर टायर बाजूने फाटला तर त्या साहित्याचा काहीच उपयोग होत नाही. आमच्या भागात जून ते सप्टेंबर झाडे पडून वीज दोन-दोन दिवस जाते. आपल्याकडे टिळकवाडीत तेवढा त्रास नसेल, तरी पावसाळ्यात बॅटरी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.

टिळकवाडीकर:
सर्वांचे मनापासून आभार. आमचा मंजूर भार तीनच किलोवॅट निघाला, त्यामुळे अर्ज उद्याच देतो. शनिवारी चाचणीसाठी वडिलांना आणि मुलांना घेऊन जाणार आहे आणि तिसऱ्या ओळीत मी स्वतः जांबोटीपर्यंत बसून पाहणार आहे. जादा चाक विकत घेऊन मागे ठेवता येते का, हेही तिथेच विचारतो.

निपाणीकर:
शोरूमवाले जांबोटीपर्यंत गाडी देतीलच असे नाही, पण आग्रह धरावा. परत आल्यावर किलोमीटरला किती वॅट-तास गेले तो आकडा पडद्यावर दिसतो. सातही जण बसलेले असताना आलेला तो आकडा इथे अवश्य लिहावा.