विषय: फेरेच झाले नाहीत, तर घटस्फोट कशाचा?

प्रेषक: शुगरलँडची मावशी

मंडळी नमस्कार,

गणपती नुकतेच बोळवलेत, सगळे दमलेले असणार, तरी विचारतेच. माझी भाची ह्यूस्टनजवळच्या केटी गावात एका मुलाबरोबर चार वर्षं राहिली. लग्न काही केलं नाही. घर त्याच्या नावावर, हप्त्यात मात्र हिचेही पैसे. चौदा महिन्यांपूर्वी ती तिथून निघाली. आता नाशिकला तिचं दुसरीकडे ठरलंय, १२ डिसेंबरचा हॉलसुद्धा घेतलाय. आणि परवा तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की टेक्ससमध्ये तुझं लग्न झालेलंच धरतील, आधी डिव्होर्स घे. पोरगी रात्रभर झोपली नाही. ना हळद, ना अक्षता, आणि घटस्फोट कसला? हप्त्यांचे पैसे परत मिळतील का, हेही कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

---

प्रेषक: पर्ललँडकर

मावशी, कॉमन लॉ मॅरेजला, म्हणजे विधी-नोंदणीशिवाय कायद्याने मानलेल्या लग्नाला, सात वर्षं एकत्र राहावं लागतं. चारच झालीत ना? मग बिनधास्त पत्रिका छापा.

---

प्रेषक: केटीवाले काका

मावशी, पत्रिका थांबवा.

पर्ललँडकर, हे सात वर्षांचं प्रकरण मी एकोणीस वर्षं ऐकत आलोय. कौटुंबिक खटले चालवणाऱ्या एका वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे कायदेशीर कामातला मदतनीस, होतो. दर महिन्याला कुणीतरी खुर्चीत बसून हाच आकडा सांगायचं. टेक्ससच्या कायद्यात तो कुठेच नाही. मी वकील नाही, पण अशा फायली बऱ्याच उघडल्यात, म्हणून लिहितो.

इथे या लग्नाला इन्फॉर्मल मॅरेज म्हणतात. कोर्ट तीन गोष्टी बघतं. आपण नवरा-बायको आहोत असं दोघांनी ठरवलं होतं का, त्यानंतर टेक्ससमध्ये नवरा-बायकोसारखे एकत्र राहिले का, आणि चारचौघांत तसं सांगत होते का. तिन्ही हव्यात. तिन्ही असतील तर आठ महिनेही पुरतात, नसतील तर वीस वर्षं एका छपराखाली राहूनही लग्न होत नाही. ‘पुढच्या वर्षी करू’ हे ठरवणं यात बसत नाही. वाङ्निश्चय झाला म्हणजे लग्न लागलं असं आपण म्हणतो का? तसंच. ज्यांना कागद हवा असतो ते दोघं काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, क्लार्ककडे जाऊन शपथेवर डिक्लरेशन करतात, पण त्यावाचूनही लग्न ठरू शकतं. गोची तिथेच आहे.

कारण ‘ठरलं होतं’ हे सिद्ध कशावरून करायचं? माणसं सहज कुठे काय लिहून जातात त्यावरून. त्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात भाची कोण म्हणून होती? ‘स्पाउस’ (पती/पत्नी) या चौकोनात टिकमार्क असेल तर तो कागद बोलतो. टॅक्स दोघांनी ‘सिंगल’ म्हणून भरला असेल तर तो उलट बाजूने बोलतो. आमच्याकडे एका प्रकरणात जिमची कौटुंबिक वर्गणी निघाली होती. दोघंही विसरले होते, समोरचा वकील विसरला नव्हता.

आणि मावशी, राग मानू नका, पण तीन वर्षांपूर्वीची आपल्या मंडळाची डिरेक्टरी काढून बघा. ती दोघं त्यात ‘श्री. व सौ.’ म्हणून छापलीत. मीच प्रुफं तपासली होती.

आता मोडण्याचं. लग्न वाजंत्रीशिवाय लागतं, पण सुटत नाही. कॉमन लॉ डिव्होर्स अशी चीज नाही. जो घटस्फोट सगळ्यांना लागतो तोच, त्याच कोर्टात. अर्ज करताना दोघांपैकी एक सहा महिने टेक्ससमध्ये आणि नव्वद दिवस त्या काउंटीत राहिलेला हवा. (केटी तीन काउंट्यांत पसरलंय, आपली कुठली ते आधी बघा. लोक चुकीच्या कचेरीत रांग लावतात.) अर्ज दाखल झाल्यापासून हुकुमापर्यंत साधारणपणे किमान साठ दिवस जावे लागतात.

दोन वर्षांचं एक कलम आहे, ते लोक अर्धवट ऐकतात. वेगळं झाल्यापासून दोन वर्षांत कुणीच कोर्टात गेलं नाही, तर असा करार नव्हताच असं गृहीत धरतात. हे गृहीतक पुराव्याने मोडता येतं, आणि लग्न आपोआप विरघळतं असा त्याचा अर्थ नाही. भाचीचे दहा महिने उरलेत.

पैशांचं उत्तर याच्याशीच बांधलेलं आहे. लग्न होतं असं तिने म्हटलं, तर त्या काळातली दोघांची कमाई सामाईक. घर नंतर घेतलं असेल तर त्याच्या नावावर असूनही त्यात तिचा वाटा. न्यायाधीश रास्त वाटेल तसं वाटतात, निम्मंच मिळेल असं नाही. घर आधीचं असेल तर घर त्याचं, हप्त्यांच्या भरपाईची मागणी तेवढी करता येते. लग्न नव्हतंच असं म्हटलं, तर घटस्फोट नको, पण मग ती त्या घरापुरती भाडेकरूसारखी परकी, पैशांसाठी झगडायचा रस्ता फारच अरुंद. घरासाठी ‘लग्न होतं’ आणि नाशिकसाठी ‘नव्हतं’, असं दोन्हीकडून जेवता येणार नाही. आणि खरोखर लग्न ठरत असताना तशीच बोहल्यावर चढली, तर उद्या ते दुसरं लग्न रद्द ठरू शकतं.

ही ब्याद आली कुठून म्हणाल, तर टेक्सस स्वतंत्र देश होता त्या काळातून. १८४० साली इंग्लंडचा कॉमन लॉ, म्हणजे रूढी आणि निवाड्यांतून घडलेला कायदा, इथे स्वीकारला गेला. कॅलिफोर्नियाने हा प्रकार १८९५ सालीच बंद केला. पण इथे लागलेलं लग्न तिथे गेल्यावर गळून पडत नाही, तेही मान्य होतं.

---

प्रेषक: सचिव

काका, डिरेक्टरी कोर्टात जाणार?? आम्ही फॉर्मवर जे लिहिलेलं असतं तेच छापतो. कौटुंबिक वर्गणी दोन एकट्यांच्या वर्गणीपेक्षा तीस डॉलर स्वस्त पडते, म्हणून अर्धं ह्यूस्टन कौटुंबिकच भरतं. जुने फॉर्म कार्यकारिणीच्या कपाटात आहेत, मावशींना हवा असल्यास शोधून देतो.

---

प्रेषक: शुगरलँडची मावशी

सचिवांनी फॉर्म काढून दिला, आभार. अक्षर भाचीचंच आहे. ‘सौ.’ पुढे स्वतःचं नाव आणि त्याचं आडनाव. म्हटलं, हे काय ग? म्हणाली, “मावशी, तेव्हा आमचं तसंच होतं.” विम्यातही स्पाउस. घर मात्र तो फॉर्म भरल्यानंतर सहा महिन्यांनी घेतलेलं.

सोमवारी वकिलीणबाईंकडे जातोय. केटीचा तो मुलगाही सामोपचाराने सही करायला तयार आहे म्हणे. १२ डिसेंबर जमेल ना काका? साठच दिवस तर आहेत.

---

प्रेषक: केटीवाले काका

साठ अधिक तीस धरा. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर तीस दिवस तिसऱ्या माणसाशी लग्न करता येत नाही. सबळ कारण असेल तर न्यायाधीश ती अट माफ करतात, सोमवारी वकिलीणबाईंना पहिलं तेच विचारा. तोवर हॉलवाल्याकडे जानेवारीतली तारीख मागून ठेवा.