पर्शियनचे पिल्लू विकत घ्यावे की निवाऱ्यातील मोठे मांजर दत्तक घ्यावे?

मुळाकाठ (पुणे)

घरात मांजर आणायचे, इथवर आमच्याकडे सर्वांचे एकमत झाले आहे. कोणते आणि कोठून आणायचे, यावर मात्र दोन तट पडले आहेत. मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला पांढरे पर्शियन हवे आहे, कारण तिच्या मैत्रिणीकडे तसे आहे. मी मात्र एका निवाऱ्यात जाऊन चार वर्षांची एक तिरंगी भाटी पाहून आले. तिची नसबंदी झालेली आहे आणि त्याची खूण म्हणून डाव्या कानाचे टोक कापलेले आहे. मी जमिनीवर बसले तेव्हा ती आधी कपाटाखाली गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने माझ्या पिशवीचा पट्टा हुंगला आणि तिथेच बसून अंग चाटू लागली.

माझे मत असे की मोठ्या मांजराचा स्वभाव घरी आणण्यापूर्वीच पाहता येतो, आणि जी मांजरे आज पिंजऱ्यात घराची वाट पाहत आहेत ती तशीच राहत असताना विक्रीसाठी नवी पिल्ले जन्माला घालणाऱ्या व्यवहारात आपले पैसे जाऊ नयेत. यजमानांचे म्हणणे नेमके उलट आहे. निवाऱ्यातून आजार घरी येतील, आणि ज्याचे आईबाप ठाऊक नाहीत असे जनावर लहान मुलीजवळ ठेवू नये, असे त्यांना वाटते. दोन्ही बाजूंचा अनुभव असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दीपमाळ (नाशिक)

मी बरीच वर्षे पर्शियन मांजरे पाळत आहे, आणि विकत घेणाऱ्याकडे अपराध्यासारखे पाहण्याची जी रीत पडली आहे ती मला मान्य नाही. रस्त्यावरील मांजरांची संख्या कशाने वाढते, हे आधी पाहावे. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि पाच-सहा महिन्यांची मादीही गाभण राहू शकते, त्यामुळे वस्तीतील एका भाटीची नसबंदी राहून गेली की वर्षभरात तिची पिलावळ जिन्याखाली दिसू लागते. ही मांजरे कोणा जाणत्या पैदासकाराच्या घरून आलेली नसतात. मी पर्शियन घेतल्याने निवाऱ्यातील मांजराचे घर हिरावले गेले, हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही. ज्याला पर्शियनच हवे आहे तो ते न मिळाल्यास बहुधा कोणतेच मांजर आणत नाही.

दुसरे असे की जातिवंत मांजराचा स्वभाव बऱ्याच अंशी आधी सांगता येतो. पर्शियन शांत असते, उंच उड्या फारशा मारत नाही आणि सदनिकेत रमते. मात्र मुळाकाठ ताई, घ्यायचेच असेल तर पिल्लू त्याच्या आईसह तिच्या घरी पाहावे, आईबापांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद मागावा आणि अगदी चपट्या तोंडाच्या, ज्याला बाजारात ‘एक्स्ट्रीम पंच’ म्हणतात त्या पिल्लाच्या वाटेला जाऊ नये. किंचित लांब नाकाचे ‘डॉल फेस’ दिसायलाही गोड असते आणि श्वासही नीट घेते.

रानजाई (ठाणे)

दीपमाळ यांनी वर्णन केलेला पैदासकार मिळाला तर माझा अर्धा विरोध मावळेल. परंतु मुळाकाठ यांच्या मुलीला पिल्लू मिळणार ते बहुधा मोबाइलवरील एखाद्या जाहिरातीतून. ‘ट्रिपल कोट’, ‘सेमी पंच’, ‘लिटर ट्रेन्ड’ ही विशेषणे तिथे भरपूर असतात. आईबापांच्या तपासणीचा कागद मागितला की पुढचे उत्तर येणे थांबते. कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, पण पैदाशीसंबंधी २०१७ मध्ये आलेले नियम केवळ कुत्र्यांसाठी आहेत. घरच्या मागच्या खोलीत एकाच मादीची वेत लागोपाठ घेणाऱ्या माणसाला कोण विचारणार?

मी निवाऱ्यात काम करते, म्हणून या व्यवहाराचे दुसरे टोक मला दिसते. आमच्याकडे सोडून दिलेली पर्शियन मांजरे येतात. रोज विंचरण्याचा कंटाळा आला, बदली झाली, घरात बाळ आले, अशी कारणे सांगितली जातात. काखेत आणि पोटाखाली केसांच्या जटा इतक्या घट्ट बसलेल्या असतात की चालताना कातडी ओढली जाते. कंगवा तिथे शिरतच नाही आणि भूल देऊन सर्व केस उतरवावे लागतात. केस गेल्यावर खाली लाल, ओलसर, दुर्गंधी येणारी त्वचा दिसते. ते मांजरही कोणीतरी हौसेने, पैसे मोजूनच घेतलेले असते. मुलीला पर्शियनच हवे असेल तर अशा एखाद्या मांजराला घर द्यावे. ते दत्तक मिळते आणि त्यासाठी नवे पिल्लू जन्माला घालावे लागत नाही.

पशुवैद्य (कोल्हापूर)

दोन्ही बाजूंच्या लेखनात आरोग्याचा भाग अर्धा आला आहे, म्हणून तो थोडा पूर्ण करतो.

यजमानांची आजाराची शंका रास्त आहे. पुष्कळ मांजरे एकत्र असतात तिथे पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे लोक ज्याला ‘कॅट पार्व्हो’ म्हणतात तो आजार, लसीकरण न झालेल्या पिल्लांना झपाट्याने मारतो आणि त्याचा विषाणू जागेत महिनोन्‌महिने टिकून राहतो. परंतु हा धोका मुख्यतः पिल्लांना असतो. लसीकरण पूर्ण झालेल्या चार वर्षांच्या भाटीला तो फार कमी आहे, आणि घरात दुसरे मांजर नसल्याने तिच्यापासून लागण होण्याचाही प्रश्न येत नाही. रक्ताच्या काही थेंबांवर एफआयव्ही आणि एफईएलव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या दोन विषाणूंची तपासणी करून घ्यावी, त्वचेवर गोल चट्टे नाहीत ना हे पाहावे आणि पहिले दोन आठवडे तिला एकाच खोलीत ठेवावे. चट्ट्यांचा हा बुरशीजन्य आजार मुलांनाही होतो, म्हणून त्याचा उल्लेख केला. तो पर्शियनमध्ये अधिक आढळतो आणि लांब केसांखाली उशिरा लक्षात येतो, हे मात्र यजमानांनाही सांगावे.

आता वंशाविषयी. आईबाप ठाऊक असणे आणि आईबाप निरोगी असणे या निराळ्या गोष्टी आहेत. पर्शियनमधील मूत्रपिंडाच्या गाठींचा आजार आनुवंशिक आहे. आई किंवा बाप यांपैकी एकात जरी तो दोष असला तरी प्रत्येक पिल्लात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तो जन्मतः असतो, पण लक्षणे बहुधा मांजर सहा-सात वर्षांचे झाल्यावर दिसू लागतात, म्हणजे तोवर त्याच मांजराची कित्येक पिल्ले विकली गेलेली असू शकतात. त्याला कारणीभूत असलेला जनुकीय बदल २००४ मध्ये सापडला आणि तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर तपासणी करता येते. तपासणी उपलब्ध असताना ती न करता विकलेले पिल्लू जातिवंत म्हणून अधिक किमतीला घेण्याचे कारण मला दिसत नाही. तोंड जितके चपटे, तितके अश्रूमार्ग वाकडे, दात दाटीने आलेले आणि श्वास कष्टाचा. उन्हाळ्यात हे प्रकर्षाने जाणवते.

मांजर कोणतेही आणा, खिडक्यांना जाळी आधी बसवा. वरच्या मजल्यावरून पडलेल्या मांजराची टाळू फाटलेली आणि छातीत हवा भरलेली पाहिली की उडी मारण्यात मांजर चुकत नाही, या समजुतीवर विश्वास राहत नाही.

नागपूरकर

दत्तक घेण्याचा आग्रह धरणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचा आहे. मी भाड्याच्या घरात राहतो आणि एकटा आहे. येथील एका संस्थेकडे मांजरासाठी अर्ज केला, तेव्हा घरमालकाचे लेखी संमतीपत्र, घराची छायाचित्रे, पगाराचा आकडा आणि मी गावाला गेल्यास मांजर कोण सांभाळेल याचे नाव, हे सर्व मागितले गेले. सर्व देऊनही नकार आला, कारण मी दिवसभर कामावर असतो. शेवटी ओळखीतून एक पिल्लू विकत घेतले आणि ते उत्तम वाढत आहे. नोकरी करणाऱ्या भाडेकरूला निवारा दार उघडत नसेल, तर तो विक्रेत्याकडे जाईल. त्याला तिथे ढकलण्यात निवाऱ्यांचाही वाटा आहे.

रानजाई (ठाणे)

पगाराचा आकडा विचारणे मलाही गैर वाटते आणि तो आम्ही विचारत नाही. दिवसभर घर रिकामे असते म्हणून प्रौढ मांजर नाकारणेही योग्य नव्हे, कारण दिवसाचा बराच वेळ ते झोपलेलेच असते. घरमालकाच्या संमतीचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. घरमालकाच्या तक्रारीवरून परत आलेली मांजरे आम्ही पाहिली आहेत. दुसऱ्यांदा पिंजऱ्यात आलेले मांजर अनेकदा खाणे सोडते.

उत्तरसमुद्र (युट्रेक्ट, नेदरलँड्स)

मी राहतो त्या देशाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. दुमडलेल्या कानांचे स्कॉटिश फोल्ड आता भारतातही विकले जाते, म्हणून विशेषतः लिहितो. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधील एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या मांजरीपासून ही जात निघाली. ज्या दोषामुळे कानाची कूर्चा दुमडते, तोच सांध्यांच्या कूर्चेतही असतो, त्यामुळे शेपूट ताठर होते आणि पाय दुखतात. नेदरलँड्समध्ये या मांजरांची पैदास २०१४ पासून बंद आहे आणि २०२६ च्या आरंभापासून ती नव्याने पाळण्यासही बंदी आली आहे. वेदना हाच ज्या रूपाचा पाया आहे, ते रूप कितीही जाणत्या पैदासकाराकडून घेतले तरी वेदनारहित होत नाही.

दीपमाळ (नाशिक)

फोल्डबाबत मी पूर्ण सहमत आहे आणि ते कोणीही घेऊ नये असेच सांगेन. पण त्यावरून सर्व जातींवर निकाल देऊ नये. तपासणीचा आग्रह धरणारे ग्राहक वाढले तरच तपासणी करणारे पैदासकार टिकतील. सर्व जाणत्या लोकांनी विकत घेणेच सोडले, तर बाजार न विचारणाऱ्यांच्या हाती राहील आणि रानजाई ज्या मागच्या खोल्यांविषयी लिहितात त्या आणखी वाढतील.

मुळाकाठ (पुणे)

दीपमाळ यांचा हा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. तरी बाजार सुधारण्याची जबाबदारी माझ्या पहिल्याच मांजरावर टाकण्याची माझी तयारी नाही. डॉक्टरांचे लेखन यजमानांना वाचून दाखवले. रक्ततपासणी आणि लसीकरणाचा कागद पाहूनच पुढे जायचे, या अटीवर ते राजी आहेत. राहिली मुलगी. तिला रविवारी निवाऱ्यात नेणार आहे आणि तिरंगी भाटीसोबत तिथले सोडून दिलेले एक पर्शियनही दाखवणार आहे. त्याला रोज विंचरावे लागेल, हे तिथल्या कार्यकर्त्यांनीच तिला सांगावे अशी विनंती केली आहे. तिचा होकार आल्याशिवाय अर्ज भरणार नाही.

डॉक्टर, एक विचारायचे राहिले. ड्राय बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे. ती मांजराच्या वजनाला पुरेल, की तिथे लोखंडी जाळीच बसवून घ्यावी?