शर्ली चिझम: गौरव 'पहिली' असण्याचा की केलेल्या कामाचा?

भाकरतुकडा:
डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत शर्ली चिझमबाईंना मरणोत्तर काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सुवर्णपदक द्यायचा कायदा झाला. बाई गेल्या १ जानेवारी २००५ ला. मग २०१४ मध्ये टपाल तिकीट, २०१५ मध्ये ओबामांकडून स्वातंत्र्यपदक, आता हे. आनंदच आहे. पण दरवेळी मथळा तोच: १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. बरं, पुढे? १९८३ पर्यंत त्या तिथे काय नुसती खुर्ची उबवत होत्या?

बाई मूळच्या पाळणाघर चालवणाऱ्या. आई शिवणकाम करायची, लोकांच्या घरी राबायची. १९७१ मध्ये त्यांनी आणि काँग्रेसमधल्या सहकारी बेला अ‍ॅबझग यांनी सरकारी खर्चाच्या पाळणाघरांसाठी विधेयक मांडलं. तसा कायदा काँग्रेसमधून पार झालाही, पण राष्ट्राध्यक्ष निक्सनने नकाराधिकार वापरून तो पाडला. १९७४ मध्ये मात्र घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्यासाठी त्या झटल्या आणि ते झालं. पदकावर काय कोरायचं ते माझ्यापुरतं ठरलंय: मोलकरणीच्या हातात पडलेली मजुरी. पटतंय का?

पेठकर:
नाही पटत. 'पहिली'ला नाकं मुरडणं सोपं आहे, ताई. ब्रुकलिनच्या दाट वस्तीतून निवडून आलेल्या बाईला नेऊन टाकलं शेतकी समितीवर, त्यातही जंगलं नि खेडी बघणाऱ्या उपसमितीत! नवखा सदस्य अशा वेळी मान खाली घालून बसतो. या मात्र सभागृहात उठल्या आणि बदली मागितली. माजी सैनिकांची समिती मिळाल्यावर म्हणाल्या, माझ्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक जास्त आहेत. असं बोलायला आधी दार उघडून आत शिरावं लागतं. दार उघडणं हेही कामच.

खडूस_काका:
आरती झाली असेल तर थोडं कडू बोलतो. बाईंची घोषणा होती: ना विकली गेलेली, ना कुणाच्या ताब्यातली. आणि १९७१ मध्ये त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभागृहनेत्याची निवड आली, तेव्हा मत कुणाला? कृष्णवर्णीय जॉन कॉनियर्सना नाही, लुइझियानाच्या गोऱ्या हेल बॉग्जना. बदल्यात हवी ती शिक्षण आणि कामगार समिती पदरात. याला आमच्याकडे सेटिंग म्हणतात. १९७२ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी म्हणाल, तर पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मायामी बीचच्या अधिवेशनात १५२ मतं. त्यांच्याच समाजाचे कितीतरी पुढारी सोबत आले नाहीत. हरण्याचा केवढा सोहळा!

भाकरतुकडा:
काका, संत होत्या असं मी कुठे म्हटलं? उलट तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेताय. पाळणाघरं, मजुरी, शाळा, हे सगळं त्याच समितीच्या हातात. ती मिळवायला सौदा केला असेल, तर केला. पुतळा असं काही सांगत नाही, म्हणून तर पुतळ्याची भीती वाटते.

दुपारचा_चहा:
वॉलेसचा किस्सा कुणीच काढला नाही? जॉर्ज वॉलेस, अलाबामाचा गव्हर्नर, उघड वर्णभेदी. १५ मे १९७२ ला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चिझमबाई त्याला बघायला थेट इस्पितळात. त्यांचेच समर्थक पेटले. बाईंनी पुढे सांगितलं की १९७४ ला घरकामगारांच्या मजुरीचा प्रश्न आला, तेव्हा वॉलेसने दक्षिणेतल्या सदस्यांकडे शब्द टाकला. हे कोरा बघू पदकावर. जागा पुरायची नाही.

रविवारची_सुट्टी:
लांबच्या बाईंसाठी आपण का भांडतोय, असं आधी वाटलं. मग 'घरकामगार' शब्दापाशी थांबले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. आमच्या सोसायटीत अजूनही हिशोब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर: खाड्याला लाल फुली, आणि ती फुली मारणार घरची बाई. मावशी अर्धा दिवस येऊन गेल्या तरी फुली पूर्णच. दिवाळीत जास्तीचा पगार मागितला की मालकीणबाईंचं तोंड एवढंसं. फुली मारणाऱ्यांत मीही आहे, हे आधीच सांगते.

पेठकर:
लांबच्या वगैरे नाही हो. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. आपली ओळख जुनी आहे.

खडूस_काका:
जोतीराव आले, आता मी गप्प. (सेटिंगवर मात्र ठाम.)

जर्सीकर:
उशिरा आलो. ब्रुकलिनमध्ये त्यांच्या नावाचं मोठं उद्यान आहे, २०१९ मध्ये उघडलं, चारशे एकरांहून मोठं. ते आहे कशावर, तर शहराच्या बंद केलेल्या दोन कचरा डेपोंवर. काकांना हसू येईल, पण टेकाडावर गवत डोलतं, एका बाजूला जमैका बेचं पाणी, दुसरीकडे लांबवर मॅनहॅटनच्या इमारती. दाराशी भिंतभर बाईंचं चित्र. लेकीने विचारलं, "बाबा, ही कोण?" मी ऐटीत म्हणालो, "काँग्रेसमधली पहिली कृष्णवर्णीय बाई." ती म्हणाली, "मग तिने काय केलं?" आणि मी तिला पाण्यातले पक्षी दाखवायला लागलो.

भाकरतुकडा:
परत न्या तिला. पाळणाघरापासून सुरुवात करा.