आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) तोरणमाळला जाणारे कोणी आहेत का इथे?

तापीकाठची
माझं माहेर दोंडाईचाजवळचं. आखाजीला माहेरी आलेल्या आत्या परतायच्या आत काका सगळ्यांना जीपमध्ये कोंबून तोरणमाळला न्यायचे. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता (तो झाला १ जुलै १९९८ ला), सगळं धुळ्यातच. ऊन तापायच्या आत घाट गाठायचा म्हणून अंधारात निघायचं. जीपच्या बाहेर छागल (पाण्याची कापडी पिशवी) टांगलेली, डब्यात दशम्या, लसणाची चटणी नि कैरीचं लोणचं. सारंगखेड्याच्या पुलावर आजी "तापीमाय" म्हणून हात जोडायची आणि तिचं होईपर्यंत काका गाडी हळू चालवायचे.

शहादा, म्हसावद, राणीपूर... मग सातपुडा अंगावर यायचा. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते आमचूर. पावरा आदिवासी बायका कैऱ्या सोलून फोडी करत बसलेल्या, उतारावर पांढऱ्या फोडी वाळत घातलेल्या, आणि गाडीत शिरणारा तो आंबट वास! आई तिथे उतरायचीच. वर्षभराचं आमचूर त्या बायकांकडून घ्यायची आणि भाव न करता घ्यायची. त्यांच्या हातांना कैरीच्या चिकानं पडलेले डाग तिनेच मला दाखवले होते.

आता आईला आणि माझ्या मुलांना त्याच रस्त्याने न्यायचंय. अजून आमचूर दिसतं का? तुम्ही कुठे थांबायचात?

शहादेकर
ताई, दिसतं की! धडगावकडे जास्त, तिथल्या बाजारात तर पोतीच्या पोती येतात. माझे वडील एसटीत चालक होते. सुट्टीत आम्हाला घेऊन जाताना सातपायरी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून इंजिन निवू द्यायचे, मगच चढण. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये, नुसत्या ब्रेकवर कधीच नाही. तुम्हीही तसंच करा, ब्रेक तापले की लागत नाहीत. वर यशवंत तलावावर संध्याकाळी आईंना शाल लागेल. उंची अकराशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे खाली शहाद्यात अंग भाजत असतं तेव्हाही वर गार वाटतं.

चाळीसगावची पोर
आम्ही उलट्या दिशेचे, कन्नड घाटवाले. वेरूळला जाताना बाबा घाट चढून गेल्यावर गाडी बाजूला घ्यायचे आणि आम्हा भावंडांना खाली पसरलेला खान्देश दाखवायचे. आपलं गाव कुठलं यावर दरवर्षी भांडण. आमचूर मात्र मी कधी वाळताना पाहिलं नाही, तुमचं वाचून जावंसं वाटतंय.

रावेरचा भाचा
आमचं ठिकाण म्हणजे पाल, तेही सातपुड्यातलंच. तिथला गारवा आणि सुकी नदीचं पाणी, बस्स. पण छागलीचं वाचून गहिवरलो. कापडातून पाणी झिरपायचं, वाऱ्यानं उडायचं आणि आतलं गारेगार व्हायचं. त्याला एक वासही होता. फ्रिजच्या बाटलीला ती चव नाही.

तापीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, आमचूर घ्यायचं तर मेच्या सुरुवातीलाच चला, वळवाचा पाऊस लागला की फोडी काळ्या पडतात. म्हणजे तारीख तिनेच ठरवली. शहादेकर दादा, तोरणमाळहून धडगावला त्याच दिवशी जाऊन यायचं की तिकडे वेगळा दिवस ठेवायचा? आईला फार वेळ बसवत नाही, त्या हिशोबाने सांगा.