मदत हवी आहे: 'ओ माय गॉड' म्हटलेलं खरंच लागतं का?

वेंगुर्ल्याजवळ आमचं घरगुती निवास आहे, दोनच खोल्या. सध्या एक वयस्कर इंग्रज जोडपं उतरलंय. सुट्टीत मदतीला आलेल्या पुतणीच्या तोंडी 'ओ माय गॉड' सदाचंच. माडावरून झावळ पडली, ओ माय गॉड. सोलकढी सांडली, ओ माय गॉड. परवा मांजरीने ताटातला बांगडा पळवला तेव्हा तर लागोपाठ तीनदा. आजीबाईंनी चमचा खाली ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "प्लीज, नॉट दॅट." पोरीला वाटलं मांजरीला हाकलायला सांगतायत!

शेजारच्या कॅथलिक काकीला विचारलं. ती म्हणाली, "अगो, देवाचा नाव फुकट घेव नये. बायबलातल्या धा आज्ञांतली दुसरी ती." नेटवर बघते तर तिसरी. आज्ञा त्याच, पण मोजणी वेगळी: कॅथलिक आणि लुथरन लोकांत ही दुसरी. बऱ्याच प्रोटेस्टंट पंथांत हीच 3 नंबरवर येते. असो.

माझा घोळ वेगळाच आहे. आपल्याकडे ठेच लागली की 'अरे देवा', धसका बसला की 'रे रवळनाथा', आणि जांभई देतानाही आजीचं 'राम कृष्ण हरी'. अजामिळाने मरताना 'नारायणा' अशी हाक मारली ती पोटच्या पोराला, तरी विष्णुदूत धावत आले. म्हणजे चुकून घेतलेलं नावही पुण्यात जमा. त्यांच्याकडे तेच पापात कसं? बरं, 'गुडबाय' हासुद्धा मुळात 'गॉड बी विथ यी'च झिजून झालाय, तो दिवसभर म्हटला तरी कुणाची हरकत नाही.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्यांनी सांगा: चर्चला जाणाऱ्यांना आजही हे खटकतं, की या बाईच जुन्या वळणाच्या? 'गॉश' शिकवावं म्हटलं, तर ते म्हणे गॉडचंच सोंग. 'माय गुडनेस' चालेल का? आणि माफी मागायची की विषयच काढायचा नाही? शनिवारी निघतायत.

पुतणी कालपासून त्यांच्यासमोर ओठ शिवून वावरतेय. आज सकाळी चहाचा कप निसटला तेव्हा "ओ..." वर अडकली आणि मग ओरडली, "अगे बाय माझे!" आजीबाई खळखळून हसल्या. आता त्यांना त्याचा अर्थ हवाय. तो इंग्रजीत कसा सांगू, तेही सुचवा.