टीपीपीडी साडेसात लाख ठेवायचं की सहा हजार?

घाटरस्ता:
गाडीच्या विम्याचं रिन्यूअल आलंय. एजंटने पाठवलेल्या कोटेशनमध्ये एक ओळ दिसली, टीपीपीडी (थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या मालमत्तेचं केलेलं नुकसान) ६००० ला रिस्ट्रिक्टेड, वजा १०० रुपये. मला न विचारताच. फोन केला तर म्हणतो सगळे असंच घेतात साहेब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या गाडीने कोणी दगावलं किंवा जखमी झालं तर थर्ड पार्टीत रकमेला मर्यादा नाही, कोर्ट ठरवेल ते कंपनी भरते. पण दुसऱ्याची गाडी, भिंत, टपरी याचं नुकसान झालं तर ७.५ लाखांपर्यंतच, आणि शंभर रुपये वाचवायला तेच ६ हजारावर आणता येतं. अहो सहा हजारात आज साधा बंपर रंगासकट बसत नाही! मी म्हणतो पूर्णच ठेवावं. तुमचं काय?

टपरीवरचा:
भाऊ, साडेसात लाख कागदावरच राहतात. २२ वर्षं गाडी चालवतोय, चार वेळा ठोकाठोकी झाली, एकदाही कोणी मॅक्ट कोर्टात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात तिथे, गेलं नाही. गाडी कडेला घ्यायची, आवाज चढतो, तो पाच म्हणतो आपण दोन म्हणतो, तीनला मिटतं. मोठं नुकसान असेल तर तो स्वतःच्या पॉलिसीत ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम टाकतो. एफआयआर, पंचनामा, वकील, तारखा कोणाला हव्यात.

कोथरूडची लेक:
काका, समोरच्याकडे ओन डॅमेज असेलच कशावरून? जुना टेम्पो, रिक्षा, कित्येकांकडे फक्त थर्ड पार्टी असते. आणि दुकानाच्या शटरला कुठला ओन डॅमेज? बाबांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला आणि गाडी थेट किराणा दुकानात. माणसं वाचली हे नशीब, पण शटर, काउंटर, फ्रीज सगळं गेलं. १ लाख ४० हजार दिले, बाबांच्या पीएफमधले. त्या रात्री ते चष्मा लावून पॉलिसी वाचत बसलेले, ६००० च्या ओळीवर बोट ठेवून. कोणी टिक केलं होतं ते त्यांना आठवतच नव्हतं.

टपरीवरचा:
वाईट वाटलं ताई, खरंच. पण एक सांगा, पॉलिसीत साडेसात असते तरी तो दुकानदार कोर्टाच्या निकालाची वाट बघत बसला असता का? त्याला दुकान त्याच आठवड्यात उघडायचं होतं. पैसे तुम्हालाच काढावे लागले असते.

कोथरूडची लेक:
काही तरी काढावे लागले असतेच, मान्य. पण कंपनीला कळवून त्यांचा माणूस मध्ये आणता आला असता, उरलेल्यासाठी दावा लाव असं त्याला सांगता आलं असतं. आमच्या हातात तर बोलायलाच काही नव्हतं, तो म्हणेल ती रक्कम.

क्लेमवाला:
या लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो. काकांचं खरंय, टीपीपीडीचा दावा वेळखाऊ आहे आणि लहान डेंटसाठी कोणी करत नाही. पण ही गोष्ट डेंटसाठी नाहीच, वर्षानुवर्षांत एकदा होणाऱ्या मोठ्या नुकसानीसाठी आहे. फक्त दारू पिऊन किंवा लायसन्सशिवाय चालवलीत तर आकडा कितीही असो, भुर्दंड मालकावर येऊ शकतो. आणि ओळ बघायची ती प्रीमियमच्या तक्त्यात, पहिल्या पानावर बघून कळत नाही.

घाटरस्ता:
रिवाइज्ड कोटेशन मागवलं, जीएसटी धरून ११८ रुपये जास्त. भरतोय. भावाची पॉलिसीही मागवली, त्यातही तीच ओळ आहे आणि त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.